तीन पदरी तार

माझं नाक चांगलं आहे असं मला पंचविसाव्या वर्षी कुणीतरी सांगितलं, आणि पुढची त्रेचाळीस वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

सांगणारे आमच्या लॅबचे साहेब होते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी कामाला होते. नमुने भरायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, रजिस्टर लिहायचं. एकदा एका ड्रमचं झाकण उघडल्या उघडल्या मी म्हणाले, हा माल जुना आहे. तपासला, तर जुनाच निघाला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बाईंचं नाक म्हणजे मशीन आहे. झालं. त्या दिवसापासून रस्त्याने जाताना कुठल्या कंपनीने काय सोडलंय, हे मी कुणी न विचारता सांगू लागले. नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, रिक्षावाल्यांना सांगितलं. बरोबर की चूक हे तपासायला कुणी जात नव्हतं, त्यामुळे माझं कधी चुकलंही नाही.

दुसरी कीर्ती फ्यूजची. लग्न होऊन मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये आले तेव्हा आमच्या ब्लॉकमध्ये दिवसाआड फ्यूज उडायचा. नवरा स्टुलावर चढायला घाबरायचा. मी पदर खोचून चढले. चिनी मातीचा तो फ्यूज ओढून काढायचा, जुन्या वायरीतली तांब्याची बारीक तार सोलून घ्यायची, दोन्ही स्क्रूंना गुंडाळायची आणि परत बसवायचा. एकेरी तार आठवड्यात उडायची. दुहेरी महिनाभर टिकायची. मग मी तिची वेणी घालून तिहेरी केली, आणि ती उडेचना. शेजारच्या सिंधिणी मला बोलवायला लागल्या. बदल्यात पापड मिळायचे. मी स्टुलावर उभी, खाली चार बायका मान वर करून बघतायत, आणि मी वरून त्यांना विजेवर व्याख्यान देतेय, असं ते चित्र होतं. फ्यूज उडण्यासाठीच असतो, घर जळण्याआधी तो जळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या पोरीने ऐकलं नसतं. अख्खा ब्लॉक कसा पेटला नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

आता मी सत्तरीची आहे. सांगतेय ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे मी अडुसष्टची होते आणि अक्कल अजून यायची होती.

नवरा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला. कॅम्पातली खोली विकून आम्ही शेवटी बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूला नवीन इमारतीत घर घेतलं होतं, सहाव्या मजल्यावर. नवऱ्याला त्या घराची गॅलरी मिळाली ती जेमतेम दोन वर्षं. घर छान आहे. वारा भरपूर. पण त्या इमारतीत माणसं सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात, आणि मधल्या वेळात लिफ्टसुद्धा हलत नाही. दिवसभरात मी माझाच आवाज ऐकायचे तो फक्त दूधवाल्याला “अर्धा” म्हणताना. कधी कधी दुपारी मी मुद्दाम मोठ्याने खोकायचे, आवाज चालू आहे ना ते बघायला.

आणि होती गाडी. नवऱ्याने दुसऱ्याकडून घेतलेली, डाळिंबी रंगाची, हाताने काच फिरवायची जुनी गाडी. मी पंचावन्नाव्या वर्षी चालवायला शिकले होते. मुलगा फोनवर दर वेळी म्हणायचा, आई, ती भंगारात काढ. मी म्हणायचे, मला आधी काढ.

त्या गाडीचा मला एक उपयोग सापडला. दुपारी दुसऱ्या पाळीच्या वेळी आमच्या नाक्यावर एमआयडीसीत जाणारी माणसं शेअर रिक्षासाठी उभी असतात. मी गाडी हळू करायचे आणि काच खाली करून विचारायचे, अंबरनाथला का? मीही तिकडेच चाललेय. तिकडे माझं काही नव्हतं. पण मी कधी बँकेत चाललेली असायचे, कधी मैत्रिणीकडे, कधी देवळात. एका मुलाने एकदा भोळेपणाने विचारलं, आजी, बँक आज बंद असते ना? मी म्हणाले, म्हणूनच चाललेय, गर्दी नसते.

पुरुष फार बसायचे नाहीत, लाजायचे. पण एक बाई बसायला लागली. पस्तिशीची असेल. एका कंपनीत पॅकिंगला होती. घरी एक मुलगी आणि सासू. पहिल्या दिवशी तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती, दुसऱ्या आठवड्यात पर्स पायाशी आली. पाच महिने ती रोज माझ्या डाव्या बाजूला बसली. वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांसाठी मी सकाळपासून साडी ठरवायचे.

मग हॉर्न बंद पडला.

आमच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे डोळे मिटून चालवणं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगच्या खालचं झाकण उघडलं, एक चपटा, दोन पायांचा प्लास्टिकचा फ्यूज काढला, दुसरा बसवला. हॉर्न वाजला. चार दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा फ्यूज. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आजी, कुठेतरी शॉर्ट होतंय, गाडी दोन दिवस ठेवायला लागेल, वायरिंग बघायला लागेल.

दोन दिवस गाडी ठेवायची म्हणजे दोन दिवस ती बाई रिक्षाने जाणार. आणि रिक्षात तिला दुसरं कुणी भेटलं तर? मी काय असल्या कारणाने गाडी ठेवणार? मी म्हणाले, बघते. घरी आले. जुन्या टेबल लॅम्पची वायर सोलली, तीन तारांची वेणी घातली, त्या उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही पायांना नीट गुंडाळली आणि दाबून बसवला. चाळीस वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं. हॉर्न असा दणक्यात वाजला की पार्किंगमधला वॉचमन उठून उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला.

पुढचे नऊ दिवस हॉर्न वाजत राहिला. दहाव्या दिवशी आम्ही दोघी नेहमीसारख्या निघालो. मी तिला माझ्या लॅबमधली कुठलीतरी गोष्ट सांगत होते; कुठली ते आता आठवत नाही, पण लांबलचक असणार. एमआयडीसीची पहिली वळणं आली तशी ती म्हणाली, “आजी, वायर जळल्यासारखा वास येतोय.”

आता इथे आमच्याकडची एक सवय सांगायला हवी. एमआयडीसीच्या त्या पट्ट्यात वास आला की आम्ही बघत नाही कुठून आला. हात आपोआप काचेच्या हँडलकडे जातो आणि काच वर होते. बसमधली, रिक्षातली, गाडीतली माणसं, सगळी तेच करतात. रिक्षाला काच नसते म्हणून रुमाल. वास बाहेरचाच असणार, हे जन्मापासून ठरलेलं.

मी गोष्ट न थांबवता म्हणाले, “हा वायरचा नाही गं. डाव्या हाताला रेझिनवाले आहेत, त्यांचा आहे. हवा जड असली की खाली बसतो. काच वर घे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काच वर घेतली. मीही माझी घेतली. आणि बंद गाडीत मी माझी गोष्ट पुढे चालू केली.

अर्धं मिनिट गेलं असेल. हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना. मग स्टिअरिंगखालून धूर आला, आधी सुतासारखा, मग एकदम काळा. माझ्या पायावर काहीतरी गरम ठिबकलं. मी गाडी कडेला घेतली, किल्ली काढून हातात धरली, तरी हॉर्न चालूच. मी किल्लीकडेच बघत बसले होते. तिने तिकडून दार उघडलं, वळसा घालून आली, माझं दार उघडलं आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मागून येणारा एक रिक्षावाला पाना घेऊन धावला. बॉनेट उघडून त्याने बॅटरीची केबल सोडवली, तेव्हा कुठे तो हॉर्न बंद झाला. ज्या हॉर्नसाठी मी एवढं केलं, तो सगळ्या एमआयडीसीने ऐकला.

ती रस्त्याच्या कडेला बसून खोकत होती. खूप वेळ खोकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती जरा पुढे सरकली. पाळीची वेळ होऊन गेली होती. तिने मला एका रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला माझा पत्ता सांगितला, आणि स्वतः कंपनीच्या दिशेने चालत निघून गेली. 

गाडी मी टेम्पोला दोर बांधून कॅम्प चारला नेली. तिथे आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी एक गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे, सिंधी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मराठी आणि हिंदी एका ताटात कालवून बोलतो. त्याने डॅशबोर्ड उघडला आणि आतून वायरींचा एक जुडगा निघाला. लाल, हिरवी, पिवळी, सगळ्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या, वर काळी साय. कुठली कुठे जाते काही कळत नव्हतं.

तीन दिवस काम चाललं. तीनही दिवस मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होते. घरी जाऊन काय करायचं होतं? त्याने तो जुडगा टेबलावर पसरला, जळलेली टेप ब्लेडने सोलली, आणि एक एक वायर बोटाने मागे नेत तिचं मूळ शोधलं. मग त्याच रंगाची, त्याच जाडीची नवी वायर कापायची, जोडायची, टेप गुंडाळायची. बारीकसा बल्ब दोन वायरींना लावून तो प्रत्येक जागी करंट आहे की नाही ते बघायचा. बल्ब लागला की मान हलवायचा. मला वाटलं, याला पाहिलं असतं तर मी स्टुलावर कधी चढलेच नसते.

दुसऱ्या दिवशी त्याला मूळ सापडलं. हॉर्नची वायर एका लोखंडी कडेला घासून घासून उघडी पडली होती. ती टेकली की फ्यूज उडत होता, बस्स. बोटभर टेपचं काम. मग त्याने फ्यूजचा डबा उघडला आणि माझी वेणी चिमट्यात धरून उजेडाला धरली.

“माई, ये किसने डाला?”

मी म्हणाले, एका मेकॅनिकने.

खोटं इतक्या सहज आलं की मलाच नवल वाटलं. मग तो त्या मेकॅनिकवर घसरला. कुठला आहे, कुणी शिकवलं त्याला, फ्यूज मजबूत केला म्हणून वायरच फ्यूज झाली, माणूस मेला असता, त्याला माझ्याकडे घेऊन या, मी त्याच्याच गळ्यात ही वायरिंग घालतो. मीही मान हलवत होते. हो ना, काय एकेक लोक असतात, असंही म्हणाले. अडुसष्ट वर्षांची बाई स्टुलावर बसून एका नसलेल्या मेकॅनिकला शिव्या खायला पुढे करतेय.

मग ती तार त्याने बोटांत फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मेकॅनिक ऐसा नहीं बांधता, माई. तीन पदर, वेणीसारखे. मेरी अम्मा बांधायची. कॅम्पातल्या सगळ्या बायका अशाच बांधायच्या. कोणीतरी शिकवलं होतं त्यांना.”

मी पायाकडे बघितलं. तो कामाला लागला. तिसऱ्या दिवशी त्याने किल्ली हातात दिली, चार फ्यूज पुडीत बांधून दिले आणि फक्त एवढंच म्हणाला की उडाला तर मला फोन करायचा, तारेला हात लावायचा नाही.

गाडी उत्तम झाली. पूर्वी कधी लागला नव्हता तो आतला दिवासुद्धा लागायला लागला. मुलाला मी फोनवर सांगितलं, किरकोळ काम होतं. तो म्हणाला, बरं, आणि त्याला दुसरा फोन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साडी नेसून नाक्यावर गेले. गाडी हळू केली. ती उभी होती. गाडी बघितली आणि वळून चहाच्या टपरीमागे गेली. मला वाटलं, तिने पाहिलं नसेल. त्या वयात माणूस असं स्वतःला समजावतं. तिसऱ्या दिवशी ती नाक्यावर नव्हती, पुढच्या चौकात जाऊन रिक्षा पकडत होती. म्हणजे माझी गाडी टाळायला ती उन्हात आणखी दहा मिनिटं चालत होती. माझ्या डावीकडची सीट नवी धुतलेली, रिकामी. मी अंबरनाथपर्यंत गेले, वळले आणि परत आले. घरी येऊन साडी घडी करून ठेवली. मग पंधरा दिवस मी दुपारी बाहेरच पडले नाही. दुपार एवढी मोठी असते हे मी विसरले होते. दूधवाल्याला एकदा म्हणाले, आज एक लिटर दे. दूध नको होतं. दोन वाक्यं जास्त होतात, म्हणून.

शेवटी एका दुपारी मी चालत गेले, त्या पुढच्या चौकात. ती रिक्षाच्या रांगेत उभी होती. मला बघून इकडे तिकडे बघायला लागली, पण जायला जागा नव्हती. बोलायचं ते मी पाठ करून गेले होते. फ्यूज मी बांधला होता, मीच, तीन पदरी, मेकॅनिक-बिकॅनिक कुणी नव्हता, आता गाडी एकदम ठीक आहे, सगळी वायरिंग नवी आहे, असं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, एवढं कबूल केल्यावर ती हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, “वायरचं जाऊ दे, आजी. जुनी गाडी, जळते एखादी वायर. मी तुम्हाला सांगितलं होतं वास येतोय. तुम्ही मला काच वर घ्यायला लावलीत.”

मी म्हणाले, माझं नाक...

“मला माहितीये तुमचं नाक,” ती म्हणाली. “पाच महिने ऐकलंय. मला चालायचं. घरी सासू बोलते, कंपनीत सुपरवायझर बोलतो, तुमच्या गाडीत तुम्ही बोलायचात. पण त्या दिवशी मी बोलले होते. एकच वाक्य बोलले होते.”

रिक्षा आली. ती बसली. मी तिथेच उभी राहिले.

पाच महिने मी समजत होते की मी एका बाईला सोबत देते. घरी येऊन मी आठवायला बसले, तिची मुलगी कितवीत आहे? आठवेना. सासूला काय होतं? काहीतरी होतं, गुडघे की डोळे. माझ्या लॅबचे साहेब, ड्रम, नवऱ्याचा भित्रेपणा, पापड, सगळं तिला पाठ असणार. मला तिचं काहीच ठाऊक नव्हतं. एकटं राहून राहून माणूस मुकं होतं असं लोकांना वाटतं. मी बहिरी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चालत गेले. म्हणाले, रिक्षा भरेपर्यंत उभी राहू का इथे? ती म्हणाली, रस्ता काय माझा आहे? मी उभी राहिले. तोंड बंद ठेवून. हे किती अवघड असतं ते मला विचारा. रिक्षा चार मिनिटांत भरली.

मग मी रोज जायला लागले. गाडीत बसायला तिला मी विचारलं नाही, आणि ती आजतागायत बसलेली नाही. भीती वाटते, असं एकदा सरळ म्हणाली. गाडी मी रविवारी चालवते, एकटीच, वायरिंगला सवय राहावी म्हणून. चौकात आमच्यात काही दिवस चार शब्द व्हायचे, काही दिवस एकही नाही. एकदा तिने माझी पिशवी धरायला घेतली, एवढंच.

महिन्याभराने एका दुपारी तिनेच विचारलं, “गाडी कशी आहे?”

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तो इलेक्ट्रिशियन, त्याची अम्मा, त्याचा तो बारीक बल्ब, आतला दिवा. सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. मी म्हणाले, “बरी आहे. मुलगी शाळेत जायला नको म्हणते म्हणाली होतीस, काल गेली का?”

 ती सांगायला लागली. मुलगी सातवीत आहे. गणिताच्या बाईंची तिला भीती वाटते, गणिताचा तास असला की पोट दुखतं म्हणते, आणि खरंच दुखतं की काय ते हिला कळत नाही, कारण हिची दुपारची पाळी, मुलगी घरी येते तेव्हा ही नसते. सासू म्हणते नाटकं करते. मी मध्ये बोलले नाही. रिक्षात तीन माणसं बसली, चौथ्याची वाट होती, आणि ती रिक्षाच्या दांड्याला धरून अजून सांगत होती.

चौथा आला. ती बसली. रिक्षा गेली, आणि दुपारचे अडीचच वाजले होते.